बोंताकीची पाच पिस्तुलं

बोंताकी कंपनीचं माहितीपत्रक, पान पहिलं: 'तीनशे वर्षांत आम्ही कधीही घाई केली नाही.'

पाकिटातला पोलेंटा, म्हणजे मक्याचा सांजा, चार मिनिटांत शिजतो. फॉस्तीना गुलिएल्मीच्या घरात त्याचं नाव काढत नाहीत.

नगरपालिकेच्या यंत्राला फॉस्तीनाच्या उजव्या अंगठ्याचा ठसा सापडत नाही. कारकून म्हणाला, "बाई, यंत्राच्या मते तुम्ही नाहीच." चाळीस वर्षं कानस चालवली की अंगठा असाच होतो.

विक्री विभागाचा तक्ता, प्रतिस्पर्धी कंपनीशी तुलना. वजन: त्यांचं सहाशे ग्रॅम, आपलं साडेनऊशे. गोळ्या: त्यांच्या सतरा, आपल्या आठ. किंमत: त्यांची चारशे युरो, आपली अकराशे. शेरा: आपल्याला व्यक्तिमत्त्व आहे.

ह्या गोष्टींचा एकमेकांशी काही संबंध असेल असं बोंताकीत कुणाला वाटत नव्हतं. मग नोव्हेंबरात शहर पोलिसांची निविदा निघाली.

तीनशे ऐंशी पिस्तुलं. प्रत्येक कंपनीनं पाच नमुने आणायचे. पाचही खोलायची, सुटे भाग एका परातीत मिसळायचे, हाताला येतील त्या भागांतून पुन्हा पाच जुळवायची आणि झाडून दाखवायची. बाकीच्या जगात ही अट म्हणजे शाळेतली बेरीज होती. बोंताकीत मात्र प्रत्येक पिस्तूल फिटिंग खात्यातल्या नऊ जणांपैकी एकजण कानशीनं घासून घासून बसवायचा. एकाची नळी दुसऱ्याला बसायची नाही, आणि ही तक्रार नव्हती, हा अभिमान होता.

काव्हालिएरे ही सरकारी पदवी मिरवणारे ओत्तोरिनो बोंताकी, म्हणजे मालक, फिटिंग खात्यात एरवी फक्त नाताळात केक वाटायला उतरायचे. ह्या वेळी केक नव्हता. मागून मुलगी जिनेव्रा आली. ती मिलानहून ब्रँड ह्या विषयात पदवी घेऊन आली होती आणि तो विषय कंपनीत सापडेना म्हणून वैतागली होती.

"फॉस्तीना," काव्हालिएरे म्हणाले, "पाच पिस्तुलं हवीत. सारखी."

"आपली सारखीच असतात, काव्हालिएरे."

"तशी नाही गं. खरोखरची सारखी."

फॉस्तीनानं चष्मा कपाळावर चढवला. ती खात्याची प्रमुख होती, आणि असली घाणेरडी भाषा तिच्या टेबलाशी कुणी केली नव्हती.

"हे काम मिळालं तर दोन वर्षं खातं चालेल," जिनेव्रा म्हणाली. "नाही मिळालं तर सप्टेंबरात बंद. नऊच्या नऊ घरी. बाबा सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते."

"मी सांगणारच होतो."

"कधी, बाबा?"

"योग्य वेळी."

"तीनशे वर्षं शोधतोय आपण ती!"

सहा आठवडे फॉस्तीनानं जन्मात केलं नव्हतं ते केलं: वाईट काम. मुद्दाम, मोजूनमापून, बेताचं वाईट. प्रत्येक नळी थोडी सैल, प्रत्येक खाच थोडी रुंद, म्हणजे कुणीही कुणाशी संसार करू शकेल. शेजारच्या टेबलावरचा बत्तिस्ता तिच्याकडे पाठ करून बसायचा, आजारी माणसाला कपडे बदलताना बघू नये तसा.

"खडखडतंय," तो भिंतीकडे बघत म्हणायचा.

"माहितीये."

"तुझा बाप आज असता तर..."

"बापाला पेन्शन मिळालं, बत्तिस्ता. तुला हवंय ना?"

मार्चमध्ये पोलिसांच्या मैदानावर चाचणी झाली. प्रतिस्पर्धी कंपनीचा माणूस पांढरे बूट घालून आला होता. तो हातही न लावता उभा राहिला. ज्यानं ते पिस्तूल कधी पाहिलंही नव्हतं अशा एका हवालदारानं परातीतून पाचही तीन मिनिटांत जुळवली. अडीचशे गोळ्या, एकदाही अडखळ नाही.

"खेळणं आहे," काव्हालिएरे पुटपुटले. "प्लास्टिकचं."

"चालणारं खेळणं," जिनेव्रा म्हणाली.

पण घाबरायचं कारण नव्हतं. दोघंही उत्तीर्ण झाले तर काम बोंताकीलाच जाणार हे शहरातल्या न्हाव्यांनाही ठाऊक होतं. आपल्या पोलिसांच्या कमरेला परमुलखातलं पिस्तूल, हे नगरसेवकांच्या पचनी पडलं नसतं. बोंताकीला जिंकायचं नव्हतं. फक्त नापास व्हायचं नव्हतं. तीनशे वर्षांच्या परंपरेला एवढं जमायला हरकत नव्हती.

भाग जुळवायला कंपनीचा माणूस पाठवायची मुभा होती. फॉस्तीना पुढे झाली. पहिलं पिस्तूल बसलं. दुसरं. तिसरं. इन्स्पेक्टर सान्द्रिनी नावाची बारीक केसांची बाई शेजारी कागद घेऊन उभी होती आणि प्रत्येकासमोर खूण करत होती.

चौथ्याची स्लाइड, म्हणजे नळीवरचा सरकता भाग, मागे ओढून सोडली, तेव्हा ती पुढे आली, अगदी शेवटी केसभर थबकली, आणि बसली.

"ठीक," म्हणून सान्द्रिनीनं खूण केली.

पाचवंही बसलं. त्याच्यासमोरही खूण झाली. आता फक्त झाडायचं राहिलं होतं. जिनेव्रानं श्वास सोडला. काव्हालिएरेंनी जेवणाच्या टेबलासाठी हॉटेलला फोन लावला.

फॉस्तीनाचा हात चौथ्यावरच होता. तिनं स्लाइड पुन्हा ओढली. पुन्हा केसभर थबकली. कुणाला ऐकू आलं नसतं. पांढऱ्या बुटांना तर नाहीच. पण एखाद्याच्या शर्टाचं बटण चुकीच्या काजात गेलेलं दिसावं आणि त्याच्याशी बोलणं अशक्य व्हावं, तसं तिला झालं. वरच्या खिशातून छोटी कानस निघाली. ती कधी निघाली हे तिलाही कळलं नाही. नळी बाहेर, दोन हात, फुंकर, नळी आत. स्लाइड लोण्यासारखी पुढे आली.

"आता बसली," फॉस्तीना म्हणाली आणि सहा आठवड्यांत पहिल्यांदा हसली.

काव्हालिएरेंनी कानाचा फोन खाली घेतला.

"बाई," सान्द्रिनी म्हणाली, "हे काय केलंत?"

"अडकत होती."

"मी खूण केली होती."

"तुम्ही केली असेल. पण अडकत होती."

"अवजार चालत नाही. पहिल्याच पानावर आहे." सान्द्रिनीला खरोखर वाईट वाटत होतं. "हवं तर मी म्हणते की मी पाहिलं नाही. पण तो बघतोय." तिनं मानेनंच पांढरे बूट दाखवले.

जिनेव्रा खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागली. तिच्या बुटांना नाडी नव्हती.

तरी पाचही झाडून झाली. अहवालात पुढील वाक्य आहे: 'बोंताकी कंपनीचे चौथे पिस्तूल चाचणीतील सर्व दहा पिस्तुलांत उत्कृष्ट चालले, म्हणून कंपनी अपात्र.'

जेवणाचं टेबल रद्द करायला उशीर झाला होता, म्हणून सगळे जेवले. काव्हालिएरेंनी पेला उचलून म्हटलं, "आपण तत्त्वासाठी हरलो." ते वाक्य पुढे माहितीपत्रकात गेलं. पांढरे बूट टेबलापाशी आले आणि त्यांनी फॉस्तीनापुढे कार्ड ठेवलं.

"प्रदर्शनात आमच्या दालनात बसाल का? लोकांसमोर कानस चालवायला. लोकांना आवडतं."

"काय घासायचं?"

"काहीही. ते विकायचं नाहीये."

तिनं कार्ड बशीखाली सरकवलं. बत्तिस्तानं तिच्या ताटात मांसाचा एक तुकडा वाढला. त्यानं विचारलं, "किती हात मारलेस?"

"दोन."

"एकात झालं असतं."

"नसतं झालं."

"नळी आण, दाखवतो," बत्तिस्ता म्हणाला, आणि ते दोघं मिठाई येईपर्यंत भांडत राहिले. सप्टेंबरात खातं बंद झालं.

फिटिंग खात्याची जागा व्यायामशाळेला भाड्यानं देण्याच्या करारावर काव्हालिएरे बोंताकी ह्यांनी बारा जानेवारीला, चाचणीच्या दोन महिने आधीच, सही केली होती.