रेनेटची खाच

टाकीतलं दूध अजून पाण्यासारखं डुचमळत होतं. भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर, सगळ्यांसमोर म्हणाले, "हिच्या हाताला गुणच नाही."

गुण म्हणे! आमच्या चीजच्या कारखान्यात दूध घट्ट करणारं रेनेट मी फक्त मोजून दिलं होतं. ओतलं भाऊजींनी, तेही वाफाळत्या दुधात. ट्रक लवकर येणार म्हणून दूध निवायची वाट बघायला त्यांना सवड नव्हती.

सासूबाईंनी निकाल देऊन टाकला. "उद्यापासून तू भांडी धुवायच्या खोलीत."

नवरा एकच झाकण पुसत बसला होता. माझं डोकंच फिरलं.

भाऊजींचा हात टाकीच्या नळाकडे गेला. मी नळ घट्ट धरला.

"ओतू नका. दुधाला काही झालेलं नाही, रेनेट मेलंय. ते विकर आहे, एन्झाइम, भाऊजी. त्याच्या रेणूला एक खाच असते. दुधातलं ठरावीक प्रथिन तिच्यात बसतं, ठरलेल्या जागी कापलं जातं आणि सुटतं. खाच पुन्हा मोकळी. म्हणून तर चमचाभर रेनेट टाकीभर दुधाला पुरतं. पण ती खाच रेणूच्या घडीतून होते. एवढी उष्णता लागली की घडी विस्कटते, मग तिच्यात काही बसत नाही."

"पुस्तकं वाचून चीज होत नाही," भाऊजी म्हणाले.

यांच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. मी टाकीवर बाहेरून गार पाणी सोडून ती निववली, तापमापकाचा काटा बघून ताजं रेनेट घातलं आणि नळापाशीच ठाण मांडलं.

काही वेळाने सासूबाईंनी सुरी घातली. दूध धरलं होतं, काप स्वच्छ निघाला.

"तरी मी म्हणतच होतो, थोडा वेळ द्यायला हवा," भाऊजी म्हणाले.

"झालं ना नीट? आता विषय वाढवू नकोस," सासूबाई मलाच म्हणाल्या.

विषय मी वाढवला होता? संतापाने माझे कान तापले. मी तापमापक भाऊजींच्या हातात ठेवला. "मी चालले भांडी धुवायला. उद्या किती निवल्यावर घालायचं, तेवढं आईंना दाखवून ठेवा."

भाऊजी तापमापक डोळ्यांजवळ नेऊन बघू लागले.

"दादा," झाकण खाली ठेवत नवरा म्हणाला, "तो उलटा धरलायस."

सासूबाईंनी तापमापक त्यांच्या हातातून काढून घेतला आणि माझ्यापुढे धरला.