भिल्लाचं मोटारस्टँड

धुळ्याच्या एका सभागृहात अमेरिकेतल्या काळ्या चित्रकारांच्या चित्रांचं प्रदर्शन आलं, ती एकोणनव्वद सालची गोष्ट. शेजारच्या खोलीत आपल्याकडची चित्रं लावायची होती. अक्कलकुव्याकडच्या भिल्ल चित्रकार रुपसिंग वळवीनं धुळ्याचं मोटारस्टँड रंगवून आणलं. संयोजक देवरेसरांनी ते पाहून तोंड वाकडं केलं.

"असलं कुणीही काढेल रे. तुमचे भिंतीवरचे घोडे काढ. 'आदिवासी कला' अशी पाटीही केलीय."

"सर, ते घोडे नवसाचे. नवस फेडताना देवासाठी काढतात. इथं कुणाचा नवस आहे?"

"माझा!" सर म्हणाले, आणि भोवतालचे हसले. उभ्या जन्मात ज्यांनी भिल्लाच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं, ते भिल्लाचं चित्र कसं असावं हे त्याला शिकवत होते.

रुपसिंग चिडला नाही. त्यानं सरांना सभागृहात अमेरिकेतल्या चित्रांकडे नेलं. तिथं एका बाईनं काढलेला पिवळाधमक भोपळा होता. सकाळपासून सर त्याचंच कौतुक करत होते.

"हा भोपळा चालतो, मग माझं स्टँड का नाही?"

"पण यांच्याही दारावर 'काळे चित्रकार' अशी पाटी आहेच ना?"

"ती त्यांनी स्वतः लिहिलीय, सर."

रुपसिंगनं खोलीत परत येऊन 'आदिवासी कला'ची पाटी उलटी करून मागं लिहिलं, 'रुपसिंग वळवी, भिल्ल. चित्र: मोटारस्टँड.'

"मग भिल्ल तरी कशाला लिहिलंस?"

"मी आहे म्हणून," तो म्हणाला, आणि पाटी ठोकायला त्यानं सरांकडे हातोडी मागितली.

सरांनी ती दिली.