किसनरावांची हरळी

किसनरावांचं आयुष्यात कुणाशी वैर असेल तर ते हरळीशी. भावकीतली भांडणं त्यांनी सोडून दिली, धुऱ्या-बांधाच्या वादात शेजाऱ्याला हातभर जमीनही देऊन टाकली. पण सुलतानपूरच्या आपल्या वावरात त्यांनी पन्नास वर्षं हरळीची काडी टिकू दिली नाही. बैलांचा डवरा फिरवला की तिचे तुकडे होतात आणि एकाच्या दहा होतात, म्हणून ते खाली बसून खुरप्यानं मुळापासून काढायचे आणि वावराबाहेर नेऊन टाकायचे. गणपतीला वाहतात तीच ही दूर्वा, हे त्यांना ठाऊक होतं. पण देव देवाच्या जागी, वावर वावराच्या जागी.

बायको गेली, गुडघा धरला, तेव्हा वावर पुतण्याला, जानरावला, बटईनं, निम्म्या वाट्यावर देऊन ते पाडव्याला चिखलीला मुलाकडे आले. "दसऱ्यापर्यंत राहून पाहतो," असं सांगून आले होते. खरं सांगायचं तर त्यांना दसऱ्यानंतरही इथंच राहायचं होतं. चार वर्षांची नात छकुली त्यांच्याशिवाय ताटावर बसायची नाही, आणि गावातल्या रिकाम्या घरात एकट्यानं भाकर गिळायची त्यांना धास्ती वाटायची. पण हे बोलणार कोण? मुलगा गणेश सकाळी कचेरीत जायचा तो दिवेलागणीला उगवायचा. सून पूनम शाळेत मास्तरीण, मोजकं बोलणारी. तिनं कधी "जा" म्हटलं नाही, तसं "राहा" असंही म्हटलं नाही.

पूनमला मात्र एका गोष्टीचं वेड होतं. तिचं लहानपण दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये गेलेलं. आता स्वतःच्या घरापुढं जागा होती, तर तिथं तिला लॉन हवं होतं. चैत्रापासून तिनं गच्चीवर तीन ट्रेमध्ये तीन जातीचं गवत लावून पाहिलं. रुंद पानाचं गवत उन्हात करपलं. मखमलीसारखं होतं त्याला रोज पाणी लागायचं, आणि नळ तर आठवड्यातून एकदा यायचा. तिसरं तेवढं तग धरून राहिलं. किसनरावांचा गुडघा त्यांना गच्चीवर जाऊ देत नव्हता, त्यामुळे यातलं त्यांनी काहीच पाहिलं नाही. लग्नाच्या मांडवात हिरवी सतरंजी अंथरतात तसलंच काही सून आणणार, अशी त्यांची समजूत. शहरातल्या माणसांची हौस, आपण काय बोलायचं!

श्रावणात ते पंधरा दिवस सुलतानपूरला गेले, सोयाबीनवर नजर टाकायला. परत आले तेव्हा घराला कुलूप. शेजारच्या रेवतीताईंकडून किल्ली घेऊन त्यांनी फाटक उघडलं आणि जागीच थिजले. अंगणातली माती छान भुसभुशीत केलेली, शेणखत घातलेलं, आणि त्यात वीत-वीत अंतरावर हरळी! भिंतीपासून फाटकापर्यंत! सतरंजी यायच्या आत जमिनीचं वाटोळं झालं होतं, आणि दोघं शिकलेली माणसं, त्यांना दिसलंसुद्धा नव्हतं.

किसनरावांनी चहासुद्धा घेतला नाही. पिशवी ओट्यावर ठेवली, अंगणाच्या कोपऱ्यातलं खुरपं उचललं आणि फतकल मारून बसले. गुडघा ओरडत होता. ते ऐकत नव्हते. या घरात आपला काहीतरी उपयोग आहे हे दाखवायची संधी चालून आली होती. चार तासांत त्यांनी एकेक गड्डा अलगद, मुळं न तुटता उपसला. एक पेर मागे ठेवलं नाही. सगळी हरळी खताच्या तीन रिकाम्या चुंगड्यांत कोंबून त्यांनी फाटकाशी ठेवली, संध्याकाळी नाल्यापलीकडे फेकायला. मग हात धुऊन ओट्यावर बसले, शाबासकीची वाट पाहत.

दोन वाजता पूनम स्कूटीवरून उतरली. तिनं अंगण पाहिलं. मग चुंगड्या पाहिल्या.

"मामाजी, हे काय केलं तुम्ही?"

"अवं, सारी हरळी माजली होती! एक मुळी ठेवली नाही म्या."

"ते लॉन होतं, मामाजी. मी आणि यांनी दोन रविवार खपून लावलं होतं."

तिचा आवाज चढला नाही, हेच वाईट झालं. ती पर्स सांभाळत आत गेली. आतून फोनवर गणेशशी बोलणं ऐकू आलं, "सगळं काढलं... हो, सगळं." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दसरा दीड महिन्यावर होता. आता तोही लांब वाटायला लागला. आत जाऊन त्यांनी आपले धोतर-सदरे पिशवीत भरले आणि पिशवी खांद्याला लावून ते बाहेर आले.

पूनम चहाचा कप घेऊन दारात उभी होती. "कुठं निघाले?"

"पाचच्या गाडीनं जातो, पोरी. मले माफ कर."

"अन् हे कोण लावीन?" तिनं चुंगड्यांकडे हात केला. "मरून नसेल ना गेलं?"

असला प्रश्न किसनरावांना जन्मात कुणी विचारला नव्हता. त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"मरते? दुपारभर चुंगडीत राहून हरळी मेली तर माझं नाव बदल! पन्नास वर्सं मारून राह्यलो तिले, मेली नाही. पण काहून वं, तुमी वीत-वीतभर अंतर काहून ठेवलं?"

"नर्सरीवाल्यानं तेवढेच गड्डे दिले. तीन महिन्यांत भरते म्हणाला."

"त्याले काय समजते! एका गड्ड्याचे दहा कर. दोन-तीन गाठीचा तुकडा, चार-चार बोटांवर लाव. डवऱ्यानं ती अशीच वाढते, मले विचार."

मग त्या दोघांनी अंधार पडेस्तोवर हरळी लावली. ज्या हातांनी जन्मभर उपटली त्याच हातांनी किसनराव एकेक तुकडा मातीत दाबत होते, आणि वैरी हसत असेल या विचारानं स्वतःशीच पुटपुटत होते. गणेश आल्यावर त्यानं उभ्या उभ्या दोन सूचना केल्या, तेव्हा पूनमनं त्याला पाण्याची बादली आणायला पाठवलं.

पण किसनरावांचा जीव थाऱ्यावर नव्हता. पिशवी त्यांनी खाटेखाली सरकवून ठेवली होती. मनात ठरवलं होतं, उगवली तर राहायचं विचारू, नाही तर मुकाट निघू. अंगावरचे आणि दोरीवरचे कपडे आलटून पालटून घालत त्यांनी दिवस काढले. सकाळ-संध्याकाळ टाकीत साठवलेलं पाणी झारीनं. आठ दिवस नुसती माती आणि पिवळ्या काड्या. ज्या गवतावर पन्नास वर्षं दात खाल्ले, त्याच्यासाठी त्यांनी गणपतीला नारळ बोलला.

नवव्या दिवशी सकाळी छकुली ओरडत आली, "आबा, सुया निघाल्या!" किसनराव चष्मा विसरून धावले. प्रत्येक काडीच्या गाठीला हिरवं टोक फुटलं होतं, भिंतीपासून फाटकापर्यंत. त्यांचा जीव भांड्यात पडला. डोळे भरून आले ते त्यांनी पुसलेही नाहीत. वैऱ्यानं लाज राखली होती.

ते आत गेले आणि पिशवी सोडायला म्हणून खाटेखालून ओढली. हाताला हलकी लागली. उघडली तर आत काहीच नव्हतं.

"ती मी त्याच रात्री रिकामी केली," पूनम स्वयंपाकघरातूनच म्हणाली. "कपाटातला वरचा कप्पा तुमचा. नऊ दिवस तेच दोन सदरे घालून राहिले, मला वाटलं तुम्हाला कप्पा आवडला नाही."

"अन् हरळी उगवली नसती तर?"

"तर नर्सरीतून दुसरी आणली असती. तुम्ही कुठं जाणार होते?"

किसनरावांनी रिकाम्या पिशवीची घडी घातली. अंगणात येऊन त्यांनी जानरावला फोन लावला.

"दसऱ्याले माही वाट पाहू नको. मी इथंच राह्यतो."

"काहून काका? काय करून राह्यले तिथं?"

"हरळी लावली म्या."

जानराव जपून म्हणाला, "काका, तब्येत बरी हाय ना तुमची?"

"आत्ताच बरी झाली," किसनराव म्हणाले, आणि झारी भरायला टाकीकडे गेले.