न ओढलेल्या रेघा

"काका, सायकली तुम्हीच मोजल्या होत्या ना?" भुपेंद्र साहेबांनी फाइल फिरवून नत्थूसमोर धरली. "हे पाहा. सकाळी सात ते दहा, सायकली नऊ. खाली सही तुमची."

सही नत्थूचीच होती.

"मोजनी चुकली साहेब. तेच सांगाले आलो."

"चुकली म्हणजे? तीस वर्षं नगरपरिषदेत शिपाई होता तुम्ही. नऊपर्यंत मोजता येत नाही?"

बाजूच्या टेबलावरचे हेमराज बाबू हसले. "झपकी लागली असन नत्थूभाऊले. चैताचं ऊन!"

नत्थू हसला नाही.

चैत्रात बाजाररस्ता गाड्यांना बंद करून फक्त पायी चालणाऱ्यांसाठी ठेवायचं ठरलं होतं. सायकलींना कडेने वेगळी पट्टी द्यायची की नाही, हे मोजणीवर ठरणार होतं. निवृत्त नत्थूला बोलावून रस्त्याच्या तोंडाशी खुर्ची दिली. ऑटो, मोटरसायकली, परक्या सायकली, दिसेल त्याची त्याने रेघ ओढली. आठच्या सुमारास त्याच्या गावच्या बायका आल्या. कोणी धुण्याभांड्याला, कोणी शाळेत खिचडी शिजवायला. पुढे त्याची धाकटी बहीण रुखमा. नवरा गेल्यापासून साडीच्या दुकानात फॉल-पिको करायची. सायकल तिला नत्थूनेच शिकवलेली.

"दादा, रिटायर झाल्यावर खुर्ची भेटली का गा!" ती ओरडून गेली. बायका खिदळल्या.

नत्थूची पेन्सिल थांबली. आपली माणसं, आपली ढोरं मोजू नयेत, मोजली की एखादं कमी होतं, असं माय सांगायची. खळ्यावर धान मोजतानासुद्धा पहिल्या मापाला एक म्हणत नसत, लाभ म्हणत. त्याने बायकांना तसंच जाऊ दिलं. तीन दिवस.

पट्टी झाली नाही. रस्त्यावर रंगीत फरशी आली, बाक आले, फुलांच्या कुंड्या आल्या. तोंडाशी लोखंडी खांब आणि एक पहारेकरी. तो सायकल हातात धरूनही आत नेऊ देईना. बायका पवनी रोडने वळसा घालू लागल्या. त्या रोडला रेतीचे टिप्पर धावतात.

कार्तिकात एका सकाळी रुखमा दुकानात पोचली नाही. टिप्परवाल्याने ब्रेक मारला होता, असं लोक म्हणाले.

"माह्या गावच्या बाया मी मोजल्याच नाई साहेब," नत्थू म्हणाला.

"का?"

त्याने सांगितलं. हेमराज बाबूंनी मान खाली घालून उगाच एक कागद इकडचा तिकडे केला. भुपेंद्र साहेब वयाने लहान. त्यांनी त्या नऊच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"पुन्हा मोजणी लावतो, आता पवनी रोडला," ते म्हणाले. "पट्टी होईलच, असं नाही सांगत."

"मीच बसतो साहेब."

"तुम्ही? बसवेल तुम्हाला?"

"मीच बसतो."

सोमवारी पवनी रोडच्या वळणावर नत्थू कागद मांडीवर घेऊन बसला. थंडी होती. गावच्या बायका ओळीने येताना दिसल्या. कडेने धुळीतून सायकली, मधून टिप्पर. पहिली बाई जवळ आली, तरी त्याचा हात हलेना.

ती कुंताबाई होती. तिने ब्रेक दाबून पाय टेकला.

"मोज ना भाऊ. कायले थांबला?"

"माय म्हने..."

"माहीत हाये मले. माही मायबी तेच म्हने." तिने पदर कानाभोवती आवळला. "न मोजता कमी झालीच ना एक? मोज आता."

नत्थूने रेघ ओढली. ती पाहूनच कुंताबाईने पायडल मारलं. मागची पुढे आली, थांबली, रेघ होऊ दिली, गेली. मग तिच्या मागची. कोणी हसलं नाही, कोणी खुर्चीवरून टोमणा मारला नाही.

वीस रेघा झाल्या. शेवटची सायकल टिप्परच्या धुरळ्यात दिसेनाशी झाली. मागून कोणी येत नव्हतं. नत्थूने पेन्सिल कागदावर टेकवूनच ठेवली होती.