दसऱ्याच्या फोटोतला नंबर

रिटायर झाले तेव्हा मी हात जोडून ठरवलं होतं, यापुढे दुसऱ्याच्या कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. तेहेतीस वर्षं तेच केलं, पुरे झालं. पण इथल्या, डॅलसजवळच्या फ्रिस्कोतल्या आपल्या मंडळींना एकदा कळलं ना, की नीलांबरीला यातलं समजतं, की संपलंच. कोणाचा प्रिंटर रुसलाय, कोणाचा पासवर्ड हरवलाय. देवळात गेले तरी प्रदक्षिणा घालता घालता लोक फोन पुढे करतात.

मंगळवारी सकाळी कुमारकाकांचा फोन आला.

"नीलांबरी, कॉम्प्युटर टिकटिक करतोय आणि स्क्रीन काळा आहे. उर्वीचं लग्न शनिवारी आहे."

या दोन गोष्टींचा संबंध काय, हे दुसऱ्या कोणाला कळलं नसतं. मला कळलं. त्यांची बायको, रेखाकाकू, अंतरपाट करतात. मधोमध स्वस्तिक, कडेने वेल, कोपऱ्यात नवरानवरीची नावं. डॅलसच्या आसपास वाढलेल्या निम्म्या मराठी पोरांची लग्नं काकूंच्या अंतरपाटाआडून लागली आहेत. पूर्वी त्या सगळं हाताने भरायच्या. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी पार्किन्सन्स सांगितला, आणि तेव्हापासून भरतकामाचं मशीन काढलं. ते मशीन म्हणजे काकांनी कधीकाळी हौसेने आणलेलं धूड. ज्या कंपनीने ते बनवलं ती केव्हाच बंद पडली. सतरा वर्षांपूर्वीच्या एका कॉम्प्युटरला जोडलं तरच ते चालतं, आणि तेही त्यातल्या जुन्या सिस्टीमवर. नवी सिस्टीम टाकली तर मशीन तिला ओळखही दाखवत नाही.

आणि उर्वी म्हणजे नात. एकुलती एक.

आता खरं सांगते, काकूंच्या कामाबद्दल माझ्या मनात एक अढी होती. आमच्या लेकीच्या, रुचाच्या लग्नात, २०१६ साली, जो अंतरपाट आला त्यातल्या स्वस्तिकाची डावी बाजू वाकडी होती. चांगली नजरेत भरेल इतकी वाकडी. काकूंना मी काही बोलले नाही, पण बाकी कोणाला सांगायचं सोडलंही नाही. माझा स्वभावच तसा, काय करणार!

मी पोचले तेव्हा काका स्क्रू ड्रायव्हर घेऊन तयारच होते. काका ऐंशीचे, स्ट्रक्चरल इंजिनीअर. इथले निम्मे पूल त्यांनी तपासलेत आणि उरलेल्या निम्म्यांवर त्यांचा विश्वास नाही. मी कानाने ऐकूनच सांगितलं, "हार्ड ड्राइव्ह गेली."

"जाऊ दे. बॅकअप आहे," काका म्हणाले. एका डब्यात ओळीने पेनड्राइव्ह, प्रत्येकावर तारीख. उर्वीचं डिझाइन, गेल्या वीस वर्षांचे फोटो, सगळं जागच्या जागी. मशीनच्या सॉफ्टवेअरची सीडी. सिस्टीमचीसुद्धा मूळ सीडी, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबरबँड. असं गिऱ्हाईक मला तेहेतीस वर्षांत मिळालं नव्हतं.

माझ्या गराजमध्ये जुन्या जातीची एक ड्राइव्ह पडून होती, ती आणलीच होती. बसवली, सीडी घातली. अर्ध्या तासाने निळ्या स्क्रीनवर पाच रिकामे चौकोन आले. सिस्टीमचा पंचवीस अक्षरांचा नंबर टाका, मगच पुढे.

"काका, नंबर?"

"त्याच्या अंगावरच आहे की. स्टिकर."

कॅबिनेट वळवलं. काळ्या पत्र्यावर एक फिकट चौकोन. त्यावर एक अक्षर असेल तर शपथ! कडेला गुलाबी डाग, मध्ये कोरं करकरीत.

"हे काय?"

काकांनी आतल्या खोलीकडे मान वळवून हाक मारली, "रेखा! तुझं हळदीकुंकू बघ काय करून बसलंय!"

काकू आल्या. उजवा हात डाव्या हातात घट्ट धरलेला, नेहमीसारखा. दर दसऱ्याला त्या घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा करतात. गाडी, मिक्सर, मशीन, कॉम्प्युटर. अर्विंगहून झेंडू आणायचा, हळदीकुंकू वाहायचं. कॅबिनेट काळं, त्यावर कुंकू दिसणार कसं? म्हणून पांढऱ्या स्टिकरवर लावायचं. दुसऱ्या दिवशी काका कापूस घेऊन ते पुसून काढायचे, पत्रा गंजेल म्हणून.

"कापूस पाण्याचा?" मी विचारलं.

"आधी पाण्याचा. मग स्पिरिटचा."

मी कपाळाला हात लावला. "काका, कुंकवाने अक्षरं जात नाहीत. स्पिरिटने जातात. इतकी वर्षं तुम्ही स्वतःच्या हाताने घासून काढलीत!"

पेनड्राइव्हवर तारखा घालणारा माणूस, आणि नंबर कागदावर उतरवून ठेवावा हे सुचलं नाही. ऐंशी वर्षांच्या माणसाला काय बोलायचं? मी बोललेच थोडं.

उर्वीचा फोन आला. "आजी, इट्स ओके! ऑनलाइन रेडीमेड मिळतो, मी आज ऑर्डर करते. डोंट स्ट्रेस, प्लीज." काकू "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवून खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "सगळ्यांच्या पोरींचे केले गं. हिचाच राहिला." मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

माझ्या नवऱ्याचा, यतीनचा, मेसेज आला, इंटरनेटवर ढिगाने फुकट नंबर मिळतात, टाक एखादा. मी उलट विचारलं, तेहेतीस वर्षं लोकांना नको म्हणून सांगितलं ते आता करू?

मग काकूच म्हणाल्या, "पूजेचे फोटो आहेत ना. दर वर्षी मी जाऊबाईंना पाठवायची."

घ्या! वीस वर्षांचे फोटो डब्यात आहेतच. माझ्या लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावला, दसऱ्याचे फोटो निघाले. २००८ चा मोठा केला. स्टिकर स्वच्छ, अक्षरं टाइप केल्यासारखी. पहिले दोन गट दिसले, शेवटचे दोन दिसले. मधल्या पाच अक्षरांवर बरोबर मधोमध कुंकवाचा टिळा, रुपयाएवढा, गोल.

"नऊचा बघ," काका म्हणाले.

नऊलाही तिथेच. दहा, अकरा, बारा, तेरा. दर वर्षी त्याच जागी, तेवढाच, कंपास घेऊन काढल्यासारखा. मी वैतागून म्हटलं, "काकू, एकदा तरी इकडेतिकडे लावायचंत!"

काकू उठून खिडकीचा पडदा सारखा करू लागल्या.

२०१४ चा फोटो उघडला. टिळा डावीकडे सरकला होता आणि त्याला खाली शेपूट आलं होतं. मधली पाच अक्षरं फिकट, पण स्पष्ट. मी ओरडलेच, "मिळाला!" आणि भराभर कागदावर उतरवून घेतली. एक अक्षर धड लागत नव्हतं, म्हणून ताडून बघायला मी पुढचे फोटो काढत गेले. पंधराला कुंकू खालच्या पत्र्यावर सांडलेलं. सोळाला दोन ठिपके, बहुतेक दोनदा प्रयत्न केलेला. सतराला तर सगळीकडे शिंतोडे. अठराला टिळा चक्क नीटनेटका होता, पण तो डाव्या हाताने लावला होता. फोटोत टिळ्यापाशी डावा हातच दिसत होता, बांगड्यांसकट.

मी नंबर टाइप करत होते. अडलेल्या अक्षरासाठी आधी एक, मग दुसरं. दुसरं लागलं आणि सिस्टीम पुढे सरकली. मी आनंदाने मागे बघितलं तर काकांचं स्क्रीनकडे लक्षच नव्हतं. ते लॅपटॉपपाशी बसून फोटो पुढेमागे करत होते. तेरा, चौदा. तेरा, चौदा. पूल तपासणारा माणूस. तडा कुठून सुरू झाला, हे त्यांना मी काय सांगणार.

"स्पिरिट मी चौदालाच आणलं," ते म्हणाले. "कुंकू ओघळून फटीत गेलं होतं, पाण्याने निघेना. मी ओरडलो होतो तुला. धांदरट म्हणालो होतो."

"म्हणाला होतात," काकू म्हणाल्या.

"डॉक्टरांकडे आपण एकवीसला गेलो, रेखा."

"हो."

"सात वर्षं?"

काकूंनी पदराशी चाळा केला. "कळलं असतं तर कोणी अंतरपाट करायला दिले असते का? तुम्हीच सुया काढून घेतल्या असत्यात. चौदानंतर मी हाताने अकरा केले."

अकरा. चौदा ते एकवीस. त्यात सोळाही आलं, रुचाच्या लग्नाचं.

मी पुढच्या कामाला लागले. सिस्टीम अॅक्टिव्हेट करायला फोन लावावा लागला. यंत्राचा आवाज आकडे विचारत होता, काका एकेक आकडा सावकाश वाचत होते. ही सिस्टीम किती कॉम्प्युटरवर आहे, असं त्याने विचारलं. "एकच," काका म्हणाले. त्याने उलट आकडे दिले, ते मी टाकले, आणि ते बेणं एकदाचं चालू झालं. मशीन जोडलं. दुपारी तीनला सुई हलली. वेल झाली. उर्वीचं नाव झालं, ओजसचं झालं, म्हणजे नवरदेवाचं. मग मध्ये स्वस्तिक यायचं होतं. काकू बटणाकडे हात नेणार तेवढ्यात काकांनी मशीन बंद केलं.

"हे तू हाताने भर. मी कापड धरतो. तीन दिवस आहेत."

"काहीतरीच काय!" काकू चिडल्या. "वाकडं येईल."

"येऊ दे."

"येऊ दे काय? लोक नावं ठेवतील." आणि मग अगदी सहज, रागाचा लवलेश नसताना, त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "रुचाच्या वेळी ठेवलीच की गं. तीनदा उसवलं होतं मी ते. डावी बाजू जमेचना."

म्हणजे सगळं त्यांच्या कानावर गेलं होतं. नऊ वर्षं माहीत होतं, आणि नऊ वर्षं माझ्या घरी त्यांचा दिवाळीचा डबा येत होता. मला तिथल्या तिथे जमीन फाटून आत जावंसं वाटलं. म्हटलं, "काकू, चुकलं माझं." त्या म्हणाल्या, "चहा घेशील?"

शनिवारी हॉलमध्ये चारशे माणसं. एकीकडून भटजी, दुसरीकडून काका, अंतरपाट ताणून उभे. मंगलाष्टकं सुरू झाली. काकू पुढच्या रांगेत होत्या, उजवा हात डाव्या हातात धरून. मधलं स्वस्तिक लाल रेशमाचं, आणि त्याची डावी बाजू रुचाच्या अंतरपाटावर होती तशीच, खाली झुकलेली.

माझ्या मागे आमच्या मंडळींतली प्रीता बसली होती. ती पुढे वाकून माझ्या कानात म्हणाली, "स्वस्तिक जरा वाकडं आलंय ना?"

"हाताने भरलंय," मी म्हटलं. "तू गप्प बस आणि अक्षता टाक."