डावी क्रँक

दिवसा त्याच्या टेबलावर लोकांचे दात असत आणि संध्याकाळी घराच्या मागच्या खोलीत जुन्या सायकली. दंतवैद्य तोंडाचे साचे पाठवत. त्यांवरून तो दातांवर बसवायच्या टोप्या आणि कवळ्या घडवायचा. त्यामुळे सायकल क्लबात त्याचं नाव 'कवळी' पडलं होतं आणि ते असं पक्कं बसलं होतं की कितीही ओढलं तरी निघत नव्हतं. बायको म्हणायची, या घरात चाकं नसलेल्या दोनच वस्तू आहेत, मी आणि फ्रिज. फ्रिजखाली चाकांचा स्टँड आला त्या दिवशी तिने आता एकच राहिली असं जाहीर केलं.

सगळ्या सायकलींमध्ये त्याचा जीव टाइम ट्रायलच्या सायकलींवर. टाइम ट्रायल म्हणजे घड्याळाशी एकट्याने खेळायची शर्यत. एकेक जण अंतराअंतराने सुटतो, पुढे मागे कुणी नाही, आणि ज्याला कमी वेळ लागला तो जिंकला. एके काळी या शर्यतीपायी लोकांनी वाऱ्याला चुकवणाऱ्या भलत्याच सायकली बनवल्या होत्या. पुढचं चाक मागच्यापेक्षा लहान, वरचा दांडा पुढे उतरता, हँडल बैलाच्या शिंगांसारखं, आणि वजन कमी व्हावं म्हणून ब्रेकच्या मुठींनाही भोकं पाडलेली. वर बसलेला माणूस रस्ता हुंगत चालल्यासारखा दिसायचा. पुढे नियम बदलले आणि या सायकली माळ्यावर गेल्या. कवळी त्यांना माळ्यावरून उतरवायचा.

पण आता मागच्या खोलीत जी उभी होती, ती छंदातली नव्हती. ती आत्याची होती.

आत्या तरुणपणी या शर्यती जिंकायची. तिच्या सायकलीची जोडणी कवळीच्या वडिलांनी केली होती, सुटताना मागून सीट धरून उभेही तेच राहायचे. मग आत्या नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली. परत आली तेव्हा सायकल घरात नव्हती. वडिलांनी ती क्लबातल्या एकाला देऊन टाकली होती. आत्याने कधी का म्हणून विचारलं नाही, वडिलांनी कधी सांगितलं नाही. भांडण झालं असतं तर मिटलं तरी असतं. हे न झालेलं भांडण भावाबहिणीच्या मध्ये तसंच बसून राहिलं, पाहुण्यासारखं, उठायचं नाव न घेता. शेवटच्या आजारात वडील एवढंच म्हणाले, "ती सायकल सापडली तर बघ. सापडली तर आत्याला दे."

ती शोधायला कवळीला बरीच वर्षं लागली. ज्याला दिली होती त्या माणसाच्या मुलाच्या माळ्यावर ती उलटी टांगलेली होती, कुणीतरी तपकिरी रंग फासलेली. आमच्या वडिलांनी ती दोनचारदाच चालवली, मुलगा म्हणाला. गुडघे खाते म्हणायचे, म्हणून टांगून ठेवली. कवळीने ब्रेकच्या मुठी पाहिल्या. उजव्या मुठीवरचं शेवटचं भोक ओळीतून सुटून कडेला गेलं होतं. बाबांचा ड्रिल तिथे घसरला होता आणि ती गोष्ट ते स्वतःवर हसत हसत सांगायचे. सायकल तीच होती.

मग त्याने ती हातात घेतली ती जशी दातांची कामं घेतो तशी. तपकिरी थराखाली फिक्या निळ्याचा एक कपचा सापडला, त्यावरून रंग जुळवला. चुकलेलं भोक तसंच ठेवलं. चूक असली तरी ती बापाची. एकच गोष्ट मात्र त्याला खटकली. पायडल ज्या पट्टीच्या टोकाला लागतं त्या दोन क्रँकांपैकी डावी उजवीपेक्षा अर्ध्या सेंटिमीटरने आखूड होती. नुसत्या डोळ्याला कळलं नसतं, पण आतल्या बाजूला लांबीचा आकडा ठोकलेला असतो आणि दोन्हीकडचे आकडे वेगळे होते. कुणातरी अडाण्याने मोडक्या क्रँकच्या जागी मिळेल ती ठोकली असणार. जोडीची डावी क्रँक मिळवायला त्याने अर्ध्या जगाला निरोप धाडले. मिळाली तेव्हा तो आठवडाभर शीळ घालत फिरत होता. आखूड क्रँक बायकोने स्वयंपाकघरात नेली. तिथली खिडकी वाऱ्याने आपटायची, तिच्या फटीत ती चपखल बसली. तुझ्या खोलीतून कामाची वस्तू बाहेर आली ती ही पहिलीच, असं तिने प्रशस्तिपत्रही दिलं.

क्लबात जुन्या सायकलींच्या मेळाव्याची तयारी चालू होती. सर्वांत अस्सल सायकल कोणती हे घड्याळकाका ठरवायचे. ते पूर्वी शर्यतींची वेळ घ्यायचे, तेव्हापासून हे नाव. त्यांनी भिंग लावून सायकल तपासली आणि एक बोटही ठेवायला जागा नाही म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे दगडाला पाझर फुटणं. पण कवळीचं लक्ष बक्षिसावर नव्हतं. मेळाव्याच्या दिवशी ही सायकल आत्याने चालवावी, म्हणजे बाबांचं राहिलेलं काम पुरं होईल, एवढंच त्याच्या मनात होतं.

रविवारी आत्या जेवायला आली. साठी उलटली तरी ती रोज सायकल चालवायची, साधी, बाजारहाटाची. चालण्यात त्याला कळायला लागल्यापासून एक डौल होता, किंचित झुलता. आई म्हणायची, तुझी आत्या राणीसारखी चालते. जेवण झाल्यावर त्याने मागची खोली उघडली.

आत्या दारातच थांबली. मग पुढे झाली आणि त्याने कधी पाहिलं नव्हतं ते केलं, चपला काढल्या. आत्या घरातसुद्धा चपला घालायची, घरातल्या वेगळ्या असायच्या आणि पाहुणी म्हणून कुठे गेली की त्या पिशवीतून न्यायची. सगळे तिच्या या टापटिपीची थट्टा करायचे. त्याने चपला चाकाखाली येऊ नयेत म्हणून उचलून बाजूला ठेवल्या. आत्या सीटवर चढली, एका हाताने भिंतीला धरलं, अनवाणी पाय पायडलवर ठेवले आणि ती उलटी फिरवली. एकदा, मग आणखी एकदा. तिचा चेहरा उजळता उजळता थांबला.

ती उतरली, चपला घातल्या.

"छान केली आहेस," ती म्हणाली. "पण ही माझी नाही."

त्याने चुकलेलं भोक दाखवलं. असली भोकं तेव्हा सगळेच चुकवायचे, ती म्हणाली. त्याने निळा रंग दाखवला, माळा कुणाचा होता ते सांगितलं. ती ऐकत राहिली, मायेने, जसं एखाद्याचं हरलेलं ऐकतात. मग त्याच्या गालावर हात ठेवून म्हणाली, तुझ्या मनात आलं यातच सगळं आलं. आणि बसची वेळ झाली म्हणून निघाली.

बायकोने त्या दिवशी थट्टा केली नाही. तिने थट्टा केली नाही हेच त्याला जास्त लागलं.

पुढचे दिवस तो सायकलीभोवती फिरत राहिला. सीटचं चामडं पाहिलं, तर ते एका बाजूला जास्त झिजलेलं. साखळी ओढणारी चकती पाहिली, फ्रेमचे सांधे पाहिले. सगळं सांगत होतं की सायकल तीच. आणि जिची ती, ती म्हणत होती नाही. आत्या खोटं बोलणारी नव्हती. आता बाबांना काय सांगायचं, हा प्रश्न, ज्यांना सांगायचं ते नसतानाही, त्याला चैन पडू देईना.

अशातच त्याने पाठवलेली एक टोपी परत आली. बाईंना दात टोचतो, चावताना उंच लागतो, अशी तक्रार होती. त्याने साचा काढून पाहिला आणि दंतवैद्यिणीला फोन लावला. दात अगदी नमुनेदार आहे, त्याने जरा फुशारकीनेच सांगितलं. दंतवैद्यीण हसली. दात सुंदरच आहे, ती म्हणाली, पण या बाई कित्येक वर्षं एकाच बाजूने चावतात, त्यांचं सगळं तोंड त्या बेताने झिजलंय. "पुस्तकातला दात आहे हो हा. त्यांच्या तोंडातला नाही."

त्याने निळा कागद घेतला, साच्याचे दोन्ही जबडे त्यावर मिटले आणि जिथे निळा ठिपका उमटला तिथे टोपी घासू लागला. हे काम तो शेकड्यांनी करत आला होता. आधी तोंड पाहायचं, मग दात, हे तो नव्या माणसांना शिकवायचाही. घासता घासता त्याचा हात थांबला.

सीट एका बाजूला झिजलेली. दुसऱ्याचे गुडघे खाणारी सायकल. आणि त्याला तळहातांवर ते वजन आठवलं. परवा आत्याच्या चपला उचलल्या तेव्हा डावी जड होती. त्याच क्षणी ते त्याला जाणवलं होतं, हाताला सवय होती म्हणून, पण डोक्यापर्यंत पोचलं नव्हतं. डाव्या चपलेच्या तळात काहीतरी जास्त होतं.

तो घरी आला तो सरळ स्वयंपाकघरात. खिडकीच्या फटीतून क्रँक ओढली तशी खिडकी धाडकन आपटली.

"आता काय झालं?" बायकोने विचारलं.

"ही कुणा अडाण्याने बसवलेली नव्हती," तो म्हणाला. "अडाण्याने काढली."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता पान्यांची पेटी आणून दिली. तासाभरात आखूड क्रँक सायकलीवर होती आणि अर्ध्या जगातून मागवलेली चकचकीत क्रँक खिडकीच्या फटीत. ही जास्त शोभते, बायको म्हणाली.

सकाळी तो सायकल घेऊन आत्याच्या गल्लीत पोचला. आत्या कुंड्यांना पाणी घालत होती. सायकल पाहून तिच्या कपाळावर आठी आली. एकदा बस, एवढंच तो म्हणाला, आणि मागे जाऊन त्याने सीट धरली.

तिने चपला काढल्या. या वेळी तो पाहत होता, म्हणून दिसलं. फरशीवर अनवाणी टाकलेल्या त्या दोनतीन पावलांत डौल नव्हता, एक पाय खड्ड्यात पडावा तसं शरीर डावीकडे उतरत होतं. ती चढली. पायडल उलटी फिरवली. थांबली. मग पुन्हा फिरवली, सावकाश, बराच वेळ. त्याला तिची फक्त पाठ दिसत होती.

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. आधी ही आखूडच होती. मी शहाणपणा करून बदलली."

"दादा काही बोलला नव्हता?"

"सापडली तर आत्याला दे म्हणाले."

"आणि हिच्याबद्दल?" तिने टाचेने क्रँकला हळूच ठोकलं.

"एक शब्द नाही. सांगितलं असतं तर मी हात लावला असता का?"

आत्या तशीच पाठमोरी बोलू लागली. मांडीचं हाड मोडलं तेव्हा ती विशीत होती, पाय आखूड जुळला. शर्यतींसाठी निवड करणाऱ्यांना कळलं असतं तर त्यांनी तिला कौतुकाने घरी बसवलं असतं. म्हणून दादाने गुपचूप छोट्या मापाची क्रँक आणून लावली. डॉक्टर सोडला तर फक्त त्या दोघांना माहीत होतं. पुढे शर्यती संपल्या तरी लपवायची सवय राहिली.

"सायकल दिली याचा राग नव्हता रे मला," ती म्हणाली. "मला वाटलं, देताना सांगितलंच असणार. असली सायकल न सांगता कोण कुणाला देईल? मग क्लबात जो हसला तो माझ्या पायालाच हसतोय असं वाटायचं."

"घेणाऱ्याला काही कळलं नव्हतं. तो म्हणायचा, सायकल गुडघे खाते."

आत्याच्या पाठीला आधी हिसका बसला, मग ती हसते आहे हे त्याला कळलं. हसता हसता तिने बाहीने डोळे पुसले. "मरेपर्यंत बोलला नाही," ती म्हणाली. "शहाणा कुठला. मला तरी सांगायचं, की कुणाला सांगितलं नाही म्हणून."

सीट धरून धरून त्याचा हात अवघडला होता, पण त्याने सोडली नाही. मेळाव्याचं विचारायचं होतं, आणि त्यात एक अडचण होती. घड्याळकाकांचं भिंग फिरणार, आकडे जुळत नाहीत म्हणून ते गुण कापणार, आणि का असं सगळ्यांसमोर विचारणार.

"तू म्हणशील तर दुसरी लावतो," तो म्हणाला. "किंवा नेतच नाही. काय सांगू त्यांना?"

आत्याने दोन्ही शिंगं नीट धरली, कोपरांत वाकली. तिची मान वीस वर्षांच्या मुलीसारखी खाली गेली.

"सांग, मालकिणीचा पाय तसा आहे." मग मान न वळवता, "आता नीट धर. आणि ढकलू नकोस. दादा नेहमी ढकलायचा. नियमात बसत नाही ते."

तिने स्वतःच पाच, चार, तीन म्हणायला सुरुवात केली. शून्याला त्याने हात सोडला, पण सोडण्याआधी तो पुढे गेलाच, अगदी किंचित. "बापावर गेलास," असं काहीतरी वाऱ्यावर मागे आलं. गल्लीच्या टोकाच्या वळणापर्यंत तो पाहत राहिला. लहान चाक पुढे, मोठं मागे, आणि सीटवर तिची कंबर सरळ, ना इकडे झुकत होती ना तिकडे.