नावाला पंधरा घरं

मी एका जुन्या कीबोर्डची सगळ्यात लांब पट्टी आहे. माझ्या भावंडांच्या अंगावर अक्षरं आहेत, आकडे आहेत. माझ्यावर काहीच नाही. मला दाबलं की पडद्यावर एक कोरी जागा पडते, एवढंच माझं काम.

मित्रांनो, दूरच्या कुठल्याशा कारखान्यात मी साच्यातून निघाले आणि खोक्यात बसून लोहा गावी आले, कहकशां मॅडमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये. टायपिंग शिकणाऱ्या मुली माझ्यावर अंगठा हळूच टेकवायच्या, तेव्हा फार बरं वाटायचं. मग गेम खेळणारी पोरं आली. त्यांनी बुक्क्या मारल्या, माझ्यावरच बिस्किटं खाल्ली. चुरा माझ्या कोपऱ्याखाली अडकला. एकदा दाबलं तर मी दोनदा उमटायचे, नाहीतर उमटायचेच नाही. 'आडमुठी' ठरून मी कीबोर्डसकट शेवटच्या टेबलावर गेले.

तिथे लुंबिनी आली. कडेवर तिची लेक धम्मप्रिया, नुकते दात येऊ लागलेली. बाळ झोपेल तेवढाच तिचा अभ्यास. लग्नात सुटलेलं शिक्षण तिला पुन्हा धरायचं होतं. मुलांची नावं आणि गावं पडद्यावर नीट दाखवणारा प्रोग्रॅम जमला, तर दिवाळीच्या सुट्टीतला मुलांचा वर्ग तिलाच द्यायचं मॅडमनी कबूल केलं होतं.

पहिल्याच दिवशी मी तिला छळलं. ती चिडली नाही. केसातली पिन काढून तिने तो चुरा उकरला आणि बाळाच्या दुपट्याच्या टोकाने मला पुसलं. इतक्या मायेनं मला कुणी हात लावला नव्हता. मी ठरवलं, आता हिला दगा द्यायचा नाही.

नाव आणि गाव यांच्यामध्ये तिने मला मोजून दाबलं. प्रत्येक नावापुढे तेवढ्याच कोऱ्या जागा. पण मॅडमनी नावं घालून बघितली तर सगळं वाकडं. करीमचं लोहा अलीकडेच राहिलं, हणमंतरावाचं हदगाव पार पुढे गेलं. लुंबिनीचा चेहरा उतरला. ती पुन्हा मला दाबत बसली, एकेका ओळीपुरतं.

"काय करून राहिलीस गं?" मॅडम जवळ आल्या. "पंगतीत माणूस पाहून पत्रावळ सरकवतेत का?"

"न्हाई. पत्रावळी आधी सारख्या टाकतेत, मंग माणसं बसतेत."

"मंग नावाला पंधरा अक्षरांची घरं दे. इंग्रजीतला करीम पाचात बसंल. उरलेली मशीनच मोकळी ठेवतं."

लुंबिनीने प्रोग्रॅममध्ये फक्त पंधराचा आकडा घातला. सगळी गावं एका रेषेत उभी राहिली. तिने झोपलेल्या बाळाकडे पाहिलं आणि आवाज न करता हसली.

खरं सांगते, मला धाकधूक वाटली. कोऱ्या जागा मशीनच टाकणार, मग मला कोण विचारणार?

दिवाळीच्या सुट्टीत वर्ग सुरू झाला. लुंबिनी मॅडमनी सगळ्यांना आधी हात धुऊन यायला लावलं. एका चिमुरडीने माझ्यावर बोट ठेवून विचारलं, "मॅडम, हिच्यावर कायबी लिहिलेलं न्हाई. ही कशाला हाय?"

"हिला सोडून तुझं आख्खं नाव लिहून बघ," लुंबिनी म्हणाली.

पोरीने लिहिलं. तिचं, वडलांचं, आडनाव, सगळं एकमेकांत घुसलं. तिलाच वाचता येईना. तिने माझ्याकडे पाहिलं आणि माझ्यावर अंगठा हळूच टेकवला.

मित्रांनो, माझ्यावर तसाच अंगठा टेकवत जा. खाऊ बाहेर खा. आणि पट्टी अडखळली, तर फेकण्याआधी एकदा तिच्याखाली बघा.